पिंजऱ्यातल्या शेवंतीकाकू

बहरीनमध्ये कुठल्याही मराठी घरात मूल जन्मलं की दोन गोष्टी ठरलेल्या असत. पहिली, भारतात फोन. दुसरी, शेवंतीकाकू नाखवा यांचा स्टीलचा डबा. फोन लागायला वेळ लागे. डबा बहुधा त्याच्या आधी पोचत असे.

आमची मुलगी झाली तेव्हा मी काकूंना ओळखतही नव्हतो. हॉस्पिटलच्या वॉर्डात मी सुनंदाच्या खाटेशेजारी बसलो होतो. इतक्यात एक बुटक्या, रुंद बांध्याच्या बाई आत आल्या. नाकात चमकी, अंबाड्यावर मल्याळी दुकानातून आणलेला गजरा. सगळ्या खाटांवरून नजर फिरवून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "मराठी बाळंतीन कनची?"

सुनंदानं हात वर केला. काकूंनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. तो चांगलाच गरम होता.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"मुशी."

मी बार्शीचा. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. मला काही उलगडा होईना.

"शार्क वो, शार्क! ल्हान असते ती. आमच्या दर्यावर बाळंतिनीला पैली मुशी. दूध कसं धो-धो येतं!"

"काकू, आम्ही शाकाहारी आहोत."

"तुमाला कोन देतंय?"

"हीसुद्धा शाकाहारी आहे."

औषध न घेणाऱ्या रोग्याकडे डॉक्टर बघतो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एका कंपनीत अकाउंट्स बघतो हे त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेलं असणार, कारण पुढचं वाक्य होतं, "मंग पोर काय पिनार? हिशोब?"

दुसऱ्या दिवशी तोच डबा परत आला. आत मेथीची भाजी आणि अळिवाची खीर होती. सुनंदाला पहिला घास भरवताना काकू जरा खट्टूच होत्या. म्हणाल्या, "खा, पोरी. आता दूध आलं तर नाव मेथीचं व्हनार. मुशीचा चान्स गेला."

तेव्हापासून मी त्यांचा 'हिशोबनीस' झालो. माझं आडनाव शेटे आहे हे त्यांनी शेवटपर्यंत लक्षात घेतलं नाही.

काकू अलिबागकडच्या कोळ्यांच्या. यजमान नाना नाखवा बँकेत होते आणि दोघं मनामातल्या नईम भागात एका जुन्या इमारतीत राहत. नाना म्हणजे अत्यंत नीटनेटका माणूस. शुक्रवारीसुद्धा बुशशर्टला इस्त्री. तेही कोळ्याचेच, पण होडी हलायला लागली की त्यांना ओकाऱ्या सुरू होत. लहानपणी वडिलांनी पुष्कळदा दर्यावर नेऊन पाहिलं आणि अखेर कंटाळून शाळेत घातलं. नाना शिकले, बँकेत लागले, आखातात आले. "आमच्या घरात शिक्षन आलं ते ओकारीच्या पाठून," असं काकू चारचौघांत सांगत आणि नाना चष्मा पुसत बसत.

शुक्रवारी सकाळी काकू मनामाच्या मासळीबाजारात जात. मी एकदा त्यांना गाडीतून सोडायला गेलो आणि बाहेर थांबण्याऐवजी चुकून आत गेलो. वासाबद्दल लिहीत नाही. बाजारातल्या अरब विक्रेत्यांशी काकू मराठीतच बोलत आणि त्यांना ते कळे. लहान शार्कला ते 'जरजूर' म्हणत. एका म्हाताऱ्यानं त्यातलाच एक उचलून दाखवला, "अम्मा, फ्रेश! आज का!"

काकूंनी वाकून त्याच्या डोळ्यात बघितलं. "आजचा? याचा बारावा झाला असंल."

"अम्मा, वल्ला, आज का!" त्यानं अल्लाची शपथ घेतली.

"वल्ला नको नि बिल्ला नको. खालचा काढ."

त्यानं खालचा काढला. येताना मला म्हणाल्या, "मासळी घ्यावी नि जावई करावा तो डोळ्यात बगून. बाकी सगळं पान्यानं धुतलेलं असतं."

मी म्हणालो, "काकू, तुम्हाला माशांचं इतकं कळतं. वडिलांबरोबर समुद्रावर जात असाल लहानपणी."

मी अगदी सहज बोललो होतो.  गाडी नईमच्या वळणावर आल्यावर काकू म्हणाल्या,

"एकदा बी नाय नेलं."

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या बापाचा नियम होता, बाईनं होडीत पाय ठेवायचा नाही. बाई पाण्यात उतरली की मासळी पळते. किनाऱ्यावर आलेली मासळी निवडायची, वाळवायची, टोपलीत घालून विकायची, ते सगळं बाईनं. पण होडीत नाही. काकूंचा धाकटा भाऊ पांडू नीट चालायला लागल्यापासून होडीत. "त्याचं नाक मी पुसायची, हिशोबनीस. चड्डी मी बांधायची. नि होडीत तो! मी बाबाला इचारलं, मासळीला कसं कळतं वर बाय हाय का बाप्या? तर हसला नि म्हनला, तिला कळतं. मी आजपातूर एवढी मासळी कापली, पन जिती, पान्यात फिरनारी एक नाय बगितली. बाबा गेला. मना खोटी पाडायची राहिली ती गोष्ट."

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मी गाडी बाजूला घेऊन ऐकलं.

ही गोष्ट खोटी पाडायची संधी आली माझ्या मेव्हण्यामुळे. शिरीष पुण्याचा. कामासाठी युरोपला गेला होता, परत जाताना चार दिवस आमच्याकडे उतरला. त्याला प्रत्येक प्रवासात 'काहीतरी वेगळं' करायची सवय. झल्लाकच्या किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये त्या हिवाळ्यात एक गोरा पाणबुड्या आला होता. त्याचं नाव पीटर. होडीतून लोखंडी पिंजरा पाण्यात सोडायचा, पिंजऱ्यात माणूस, भोवती शार्क, असा त्याचा उद्योग. शिरीषला हे कळलं आणि त्यानं आमच्या दिवाणखान्यात जाहीर केलं, "भाऊजी, शुक्रवारी मी शार्कसमोर उभा राहणार."

त्या वेळी काकू आमच्या मुलीला भेटायला आल्या होत्या. मुलगी तोवर शाळेत जायला लागली होती. काकू मराठीत विचारत, ती इंग्रजीत उत्तर देई आणि दोघींचं छान जमे. शिरीषचं बोलणं ऐकून काकूंनी तिला मांडीवरून खाली ठेवलं.

"पिंजऱ्यात बाया घेतात काय?"

"घेत असतील की," शिरीष म्हणाला.

"मंग मी पन येनार."

नानांनी दोन दिवस विरोध केला. त्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं होतं: काकूंना पोहता येत नाही, वय पन्नाशीच्या पुढे, गुडघे दुखतात. काकूंचं उत्तर एकच होतं. "पिंजऱ्यात पोहतात काय? उभंच ऱ्हायचंय ना? बाजारात उभी ऱ्हातेच की."

शेवटी नाना स्वतः बरोबर आले. खिशात ओकारीच्या गोळ्या आणि हातात प्लास्टिकच्या पिशव्यांची चळत होती. मला काकूंनीच नेलं. "साक्षीला कोनतरी खरं बोलनारा पायजे," असं म्हणाल्या. मी समुद्राला घाबरतो हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमी होडीत बसा नि मोजा. तुमचं तेच काम."

रिसॉर्टवर पीटरनं पाण्यात उतरणाऱ्यांना रबरी पोशाख दिले. काकूंनी तो उलटसुलट करून बघितला. "हा माज्या एका मांडीला बी पुरायचा नाय," म्हणत त्या आपली पिशवी घेऊन आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या गुडघ्यापर्यंत काष्टा मारलेल्या हिरव्या लुगड्यात. ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेलं, माहेरचं. चालणंच बदललं होतं त्यांचं. आजूबाजूला खुर्च्यांवर पहुडलेले गोरे उठून बसले.

नाना कुजबुजले, "अगो, बँकेची माणसं असतात इथं!"

"असू दे की. मी काय बँकेत चाललेय? हे पान्याचंच कापड हाय."

होडीचा नोखदा, म्हणजे तांडेल, अब्दुल्ला नावाचा पांढऱ्या दाढीचा बहरीनी होता. काकूंचं आडनाव नाखवा म्हणजे होडी चालवणारा, हे नानांनी त्याला हिंदीत सांगितलं. त्यावर तो इतका खूष झाला की त्यानं काकूंना हात देऊन चढवलं. "अम्मा भी नोखदा! यल्ला, बैठो!" आयुष्यात पहिल्यांदा काकू होडीत बसल्या, त्याही तांडेलाच्या शेजारी. नाना मागे पिशवी उघडून बसले. किनारा अजून दिसत होता तेवढ्यात त्यांनी पहिली पिशवी वापरली.

आता पिंजऱ्याबद्दल लिहितो. शिरीष पुण्यात ही हकिकत सांगतो तेव्हा पिंजऱ्याच्या बाबतीत फार ढिसाळपणा करतो. पिंजरा मनामातल्या एका वर्कशॉपमध्ये केला होता, पण आराखडा पीटरनं आफ्रिकेतून आणलेला. तिथले शार्क होडीएवढे असतात, असं त्यानंच सांगितलं. दोन गजांमधलं अंतर मी वितीनं मोजलं. माझी वीत मावून वर जागा उरत होती.

मी पीटरला विचारलं, "इथले शार्क केवढे असतात?"

"कधी मोठे, कधी लहान."

"लहान असला तर?"

"लहान असला तर तो काय चावणार?" असं म्हणून तो हसला आणि शिरीषही हसला. मी हसलो नाही. मोजमाप तिकडच्या माशाचं आणि मासा इकडचा, हे मला बरोबर वाटेना. मी काकूंनाही तसं सांगितलं. त्या डबा उघडून तांदळाची भाकरी खात होत्या. म्हणाल्या, "येऊ दे आत. मी तिला पन्नास वर्सं वळखते."

होडी थांबली. पीटरनं माशांच्या मुंडक्यांची गोणी पाण्यात सोडली. पिंजरा होडीला बांधून पाण्यात उतरवला, त्याचं वरचं तोंड पाण्याबाहेर उघडं राहील असा. आत दोघांना उभं राहायला जागा. आधी शिरीष उतरला. मग काकू. उतरण्यापूर्वी त्यांनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला, चष्मा आणि श्वासाची नळी चढवली आणि नळी लगेच काढून नानांना म्हणाल्या, "अवो, मी परत नाय आले तर फ्रीजमधी कालवन हाय. दोन दिवस पुरवा."

 नानांनी पिशवी हलवून होकार दिला.

बराच वेळ काही घडलं नाही. काकू डोकं पाण्यात घालत, वर काढत. "कोन नाय," म्हणत. पुन्हा घालत. अब्दुल्ला विडी ओढत होता. मी काकूंचा चेहरा बघत होतो. तो हळूहळू उतरत चालला होता. एकदा त्या वर आल्या आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "बाबाचं खरं की काय रे?"

तेवढ्यात शिरीष ओरडला. श्वासाच्या नळीतून ओरडल्यावर जो आवाज येतो तो मी पूर्वी ऐकलेला नव्हता. पाण्यात करड्या रंगाच्या तीन-चार सावल्या फिरत होत्या. हातभर लांबीच्या. त्या गोणीभोवती फिरल्या, पिंजऱ्याभोवती फिरल्या, आणि त्यातली एक सावली, जणू दार तिच्यासाठीच उघडं ठेवलं होतं अशी, दोन गजांमधून सरळ आत गेली.

पुढचा प्रकार फार झटपट घडला, पण मी साक्षीला होतो, म्हणून क्रमानं सांगतो. शिरीषनं काकूंच्या गुडघ्यावर एक पाय दिला, खांद्यावर दुसरा, आणि तो होडीत येऊन पडला. काकू त्याच्या वजनानं पूर्ण पाण्याखाली गेल्या. पीटर "आउट, आउट!" असं ओरडत दोर ओढायला लागला. नाना ओकारी विसरून उभे राहिले आणि "शेवंते!" म्हणून त्यांनी अशी हाक मारली, की तेवढी मोठी हाक या माणसाच्या अंगात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पाणी नुसतं घुसळत होतं. हिरव्या लुगड्याशिवाय काही दिसेना.

मग काकू वर आल्या. चष्मा कपाळावर, अंबाडा सुटलेला. एका हातानं शेपटी आणि दुसऱ्या हातानं डोक्याच्या मागची बाजू अशी त्यांनी मुशी धरलेली, बाजारात धरतात अगदी तशीच. फरक एवढाच, की ही वळवळत होती.

"घरात आली, बग!" काकू ओरडल्या. "अवो, बगा! माज्या घरात आली!"

अब्दुल्लानं टाळ्या वाजवल्या. "शाबास अम्मा! यल्ला, किचन! मच्छी खलास!"

पीटर इंग्रजीत काहीतरी बोलत होता. शिरीष त्याला आपले पैसे परत मिळतील का विचारत होता. काकूंचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. त्यांनी मुशीचं तोंड आपल्या तोंडासमोर आणलं आणि तिच्या डोळ्यात बघितलं. बाजारात बघत त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. "हिचा डोळा फिरतो," त्या हलकेच म्हणाल्या. "मना बगतेय ही."

आणि त्यांनी ती पिंजऱ्याच्या वरून, बाहेरच्या बाजूला, पाण्यात सोडून दिली.

"अम्मा!" अब्दुल्ला कळवळला. "क्यों छोडा? अच्छा जरजूर!"

"पावनी आली होती ती," काकू त्याला मराठीतच म्हणाल्या. "पावनीला कोन कापतं?"

त्यालाही ते कळलं असावं. त्यानं मान डोलावली. नानांनी काकूंना वर ओढून घेतलं, आपल्या इस्त्रीच्या बुशशर्टानं त्यांचं डोकं पुसलं आणि मग कठड्याशी जाऊन राहिलेलं काम पूर्ण केलं.

या प्रसंगानंतर काकूंनी मुशी खाणं सोडलं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पुढच्याच शुक्रवारी त्या बाजारात होत्या. बँकेतल्या एका सोलंकींच्या सुनेला मुलगा झाला होता. डबा गेला. फक्त आता डब्याबरोबर ही सगळी हकिकतही जात असे, आणि बाळंतिणीला ती खाऊन संपेपर्यंत ऐकावी लागे.

त्या दिवशी झल्लाकहून परतताना गाडीत काकू पुढच्या सीटवर, ओल्या लुगड्यावर टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या. मागे शिरीष आणि नाना एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेले. काकू म्हणाल्या, "हिशोबनीस, बाय पान्यात उतरली. मासळी पळाली काय?"

"नाही."

"उलट?"

"उलट आत आली."

"मंग बाबा खोटा ठरला."

इथे मी गप्प बसायला हवं होतं, असं सुनंदाचं आजही मत आहे. पण मला साक्षीला नेलं होतं. मी म्हणालो, "काकू, एका वेळेवरून काही ठरत नाही. शिवाय पाण्यात मुंडक्यांची गोणी होती. ती नसती तर आली असती का, ते आपल्याला माहीत नाही. पुन्हा पुन्हा करून बघावं लागेल."

काकूंनी नईम येईपर्यंत तोंड खिडकीकडे वळवून ठेवलं. उतरताना उरलेल्या भाकऱ्या त्यांनी शिरीषला दिल्या, ज्यानं त्यांच्या खांद्यावर पाय दिला होता, त्याला. मला नाही.

नंतर थोड्याच वर्षांत नाना निवृत्त झाले. त्यांनी गावी घर बांधलेलं होतंच. विमानतळावर काकूंनी आमच्या मुलीच्या हातात तो स्टीलचा डबा दिला. मुलगी इंग्रजीत म्हणाली, "आजी, पण आम्ही फिश खात नाही." काकू म्हणाल्या, "मेथी भर. डबा तुज्या बापासारखा नाय, त्याला सगळं चालतं." मग माझ्याकडे वळून, "येते, हिशोबनीस," एवढंच म्हणाल्या आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, गाडीतलं ते बोलणं त्या अजून विसरलेल्या नाहीत.

पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. गावाकडून बहरीनला फोन, तोही काकूंचा, म्हणजे मी घाबरलोच.

"काकू, नाना बरे आहेत ना?"

"ते बरेच असतात. ऐका. आज मी पांडूच्या होडीतनं गेले."

पांडूची आता इंजिनाची होडी होती. तो आधी नाही म्हणाला होता. बाबा काय सांगून गेला ते विसरलीस का, असं त्यानं बहिणीला किनाऱ्यावर सगळ्यांसमोर विचारलं होतं. काकूंनी सगळ्यांसमोरच पिंजऱ्याची हकिकत सांगितली. टोपल्या घेऊन थांबलेल्या बायकांनी ती पुन्हा सांगायला लावली. अखेर पांडूनं मान खाली घालून फळी टाकली आणि काकू चढल्या.

"मग?" मी विचारलं. "जाळ्यात काय लागलं?"

 उत्तर मागून नानांच्या आवाजात आलं, हसू दाबत, पण स्पष्ट: "सांग ना! चार खेकडे नि एक चप्पल!"

 पन्नास वर्षं मनात ठेवलेली गोष्ट, आणि जाळं रिकामं. मी काहीतरी दिलासा देणार होतो, पण काकूंनी मला बोलू दिलं नाही.

"हिशोबनीस, तुमीच म्हनला होतात ना, एका वेळेवरनं काय ठरत नाय?"

"म्हणालो होतो."

"पुन्ना पुन्ना करून बगावं लागतं?"

"हो. लागतं."

"तेच मी पांडूला सांगितलं. तो पुन्ना न्यायला तयार नवता. म्हटलं, हे माजं नाय, बहरीनचा मोठा हिशोबनीस म्हनतो. तवा गप झाला." मग घाईघाईनं, "ठेवते. पाटंच्या भरतीला निघायचंय."